चार, चार, सहा, दोन

विश्वेश्वर मुळ्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आकडे सांगायला लागले की प्रयोगशाळेतली पोरं आपापल्या टेबलापाशी ओठ हलवायची. "चाऽर, चाऽर, सहाऽ, दोन." पहिला चार खालच्या सुरात, दुसरा अर्धा चढून, सहा चांगला लांबवलेला, आणि दोन झटक्यात, कडी घातल्यासारखा. नक्कल सोपी वाटायची, पण एकालाही धड जमत नव्हती. पोरं सहा नाकातून काढायची. विश्वेश्वरांचा सहा बेंबीपासून निघायचा.

त्यांना हे ठाऊक होतं. चहाच्या वेळी ते स्वतःच एखाद्याला पकडायचे. "अरे ए, दूसरा वाला चार थोडा ऊपर से ले. बकरी जैसा मत कर." आणि सगळे खो खो हसायचे. दुर्गाघाटावरून गल्ल्यागल्ल्यांतून मैदागिनपर्यंत पायी, तिथून ऑटोने सारनाथच्या रस्त्यावरची ही वनस्पती संशोधन संस्था, असा सत्तावीस वर्षांचा रतीब. हुद्दा तंत्रसहायक. पण संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'पंडितजी' म्हणायचे, आणि त्या एका हाकेवर ते जगायचे म्हटलं तरी चालेल.

काम होतं कळ्या मोजण्याचं. मोहरीच्या कुळातलं एक किरकोळ तण असतं, टीचभर उंच, फूल तांदळाच्या कणीएवढं. जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्यामागे लागलेले, कारण ते झटपट वाढतं आणि त्याची जनुकं सगळी माहीत आहेत. उमललेलं फूल कोणीही मोजेल. विश्वेश्वर मोजायचे ते फूल व्हायच्या आधीचं फूल. खसखशीच्या दाण्याहून बारीक कळी, तिच्या बाहेरची टोपरी दोन सुयांनी सोलायची, आणि आत वर आलेले उंचवटे मोजायचे. नुसते उंचवटे. कोण पाकळी होणार आणि कोण पुंकेसर, हे अजून त्या उंचवट्यालाही नीट कळलेलं नसतं.

नव्या विद्यार्थ्यांना ते सगळं समजावायचे तेही आपल्या पद्धतीने. "देखो बेटा, फूल माने चार कमरे का मकान. और जनुक माने तीन भाई. ए, बी, सी." बाहेरच्या खोलीत ए एकटा राहतो, तिथे हिरवं निदल होतं. तिच्या आतल्या खोलीत ए आणि बी दोघं, तिथे पाकळी. तिसऱ्या खोलीत बी आणि सी, तिथे पुंकेसर. अगदी आत, देवघरात, सी एकटा. तिथे स्त्रीकेसर, म्हणजे दाणे धरणारी कोठी. चार, चार, सहा, दोन. ए आणि सी मात्र एका खोलीत बसत नाहीत, बोलचाल बंद.

"और सी मर गया तो?" कोणी तरी विचारायचंच.

"तो ए अंदर तक घुस आएगा. पुंकेसर की जगह पाकळी. और बीच में 'बस, अब रुको' बोलने वाला कोई नहीं." इथे ते बोटं गोल गोल फिरवत आत आत न्यायचे. "फूल में फूल, उसमें फूल, उसमें फूल. देखने में गेंदा. बीज एक नहीं. थांबणं हे सीचंच काम आहे, बाळांनो. वाढायला काय, कोणीही वाढतं."

मार्चमध्ये बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं, आणि इरावतीच्या नावाला काळं लागलं.

इरावती अकोल्याची. पीएचडीचं पाचवं वर्ष. तिच्या झाडांत सी मेलेला नव्हता, अर्धवट झोपलेला होता. तिचा प्रश्न असा की सी पेंगत असताना तिसऱ्या खोलीत उंचवटे किती येतात? आकडा बिघडतो की नुसती ओळख? तिने हजार कळ्यांचा तक्ता छापला. हजारच्या हजार कळ्यांत सहा. म्हणजे आकडा आधी पक्का होतो, ओळख मागाहून बिघडते, असा तिचा सिद्धांत. तिचे मार्गदर्शक त्रिपाठी सर तक्ता बघून हरखले होते. "क्या सफाई है!"

बंगळुरूवाल्यांनी तेच बियाणं पेरलं. त्यांना पाच मिळाले, सात मिळाले, आठसुद्धा मिळाले. आणि त्यांनी सभ्य भाषेत विचारलं होतं की अगदी निरोगी झाडातही सहातला एखादा आखूड केसर अधूनमधून गळतो, पाचच राहतात, मग आपल्याकडे हजारात एकही पाच नाही, हे कसं?

याचा असभ्य अर्थ असा होता की आकडे टेबलावर बसून रचलेत. आणि वहीतलं अक्षर होतं इरावतीचं. विश्वेश्वर सांगायचे, ती लिहायची. सांगणाऱ्याची सही वहीत कोणी घेत नाही.

चौकशी समिती बसली. इरावतीची पीएचडीची नोंदणी रद्द होणार की राहणार, एवढंच ठरायचं होतं.

विश्वेश्वरांना मात्र पत्र आलं त्या क्षणी कळलं होतं, की हे सहा कुठून आले.

अडीच वर्षांपूर्वीच्या देवदिवाळीला ते पत्नी गीताबाईंबरोबर शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर उभे होते. सगळा काठ पणत्यांनी भरलेला. त्यांनी एका पणतीकडे बघितलं, ती विझली. तिच्या शेजारचीकडे बघितलं, ती विझली आणि पहिली पुन्हा लागली. जिच्याकडे बघावं तीच विझत होती, आजूबाजूच्या सगळ्या तेवत होत्या. "वारा फार आहे का गं आज?" त्यांनी विचारलं. गीताबाई म्हणाल्या, "कुठे वारा? पत्ता हिलत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाची काच त्यांनी तीनदा पुसली. कळीची कड लख्ख दिसत होती. बाहेरची चार निदलं, एक दोन तीन चार. आत धूर. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा, नेमका मधोमध. इरावती समोर पेन उघडून बसलेली. "हं, काका?" आणि तोंड बोललं. "चाऽर, चाऽर, सहाऽ, दोन."

तिने लिहिलं. काही घडलं नाही. छत कोसळलं नाही.

त्या तोंडाला तशी सवय लावली होती काशीनाथशास्त्र्यांनी, म्हणजे विश्वेश्वरांच्या वडिलांनी. घराणं वेदपाठाचं. सहाव्या वर्षापासून संथा. एक ओळ दहा वेळा, मग मागची जोडून दहा वेळा, मग पदं उलटसुलट फिरवून. चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टी. पोथी समोर ठेवायची नाही. "पोथीत बघून म्हणतो तो कारकून," शास्त्रीबुवा खर्जात म्हणायचे. "म्हणणाऱ्याला डोळे लागत नाहीत, विशू. जीभ लागते." आणि पंधराव्या वर्षी, ब्रह्माघाटावरच्या सभेत, बारा पंडितांसमोर परीक्षा देताना विशूची जीभ मध्येच थांबली. पुढचं पद येईना. सभागृह गप्प. त्या गप्पपणात एकच आवाज झाला, वडिलांच्या खडावांचा. खट, खट, खट, दारापर्यंत. ते उठून निघून गेले होते. त्यानंतर नऊ वर्षं, मरेपर्यंत, ते विश्वेश्वरांशी जेवणापुरतं बोलले.

तेव्हापासून थांबण्याचं जे भय बसलं ते बसलंच. म्हणून आत धूर असला तरी तोंड थांबलं नाही. शिवाय, आकडा तर ठाऊकच होता. चार, चार, सहा, दोन. इतकी वर्षं म्हटलेलं. बघून काय वेगळं दिसणार होतं? ते डॉक्टरकडे गेले नाहीत. गेलं की कागद होतो, कागद झाला की संस्थेत कळतं, आणि मग 'पंडितजी' म्हणून कोण कशाला हाक मारेल?

घरात आधी गीताबाईंनी ओळखलं, तेही पत्र आल्यावर. सोमवार होता. विश्वेश्वर ताम्हनात शंकराला बेल वाहत होते. गीताबाई मागे निरांजन घेऊन उभ्या.

"अहो, थांबा जरा."

"काय झालं?"

"तो बेल उचला बरं. किती पानं आहेत?"

"तीन."

"हाताने नका चाचपू. बघून सांगा."

ते बघत राहिले. कडेचं पान दिसत होतं.

"दोन आहेत," गीताबाई म्हणाल्या. "मधलं तुटलंय. त्याच्या आधीचाही तसाच. शंकराच्या डोक्यावर सात खंडित बेल बसलेत, मी गिनून राहिले मघापासून." त्यांनी निरांजन खाली ठेवलं. "तुम्हाला तीन पानं मोजता येत नाहीत. मग तिथे काय मोजता?"

गीताबाईंनी तुटके बेल वेचून काढले, एकेक, आणि ताम्हनाच्या कडेला ठेवत गेल्या. "त्या पोरीला माहीत आहे का?"

"नाही."

"मग सांगणार कधी? तिची राख झाल्यावर?"

पोरगी दुसऱ्याच दिवशी आली. दुर्गाघाटाच्या बोळात दोनदा चुकून, एका सांडाला वाट देत, घामाघूम. आल्या आल्या पाण्याचा तांब्या तिने अर्धा केला.

"काका, ते लोक काय बोलून राहिले माहीत आहे का? म्हणे मी होस्टेलवर बसून आकडे लिहिले. बाप्पा! एका रात्री हजार कळ्या. इतकं सुचलं असतं तर कादंबरी नसती लिहिली मी?" ती हसली, पण हसू अर्ध्यात कोरडं पडलं. "सोमवारी समिती आहे. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की मोजलं तुम्ही आणि मी तेच लिहिलं. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. त्रिपाठी सरही म्हणतात, पंडितजी की गिनती माने पत्थर की लकीर."

विश्वेश्वर तिच्याकडे बघत होते. जिथे तिचा चेहरा असायला हवा तिथे धूर होता. कडेने दोन कान, कानांतले लाल खडे आणि ओढणीचा काठ दिसत होता. चेहरा दिसत नाही याचा त्यांना त्या घडीला आधार वाटला.

"सांगेन," ते म्हणाले.

"नक्की ना, काका?"

"सांगेन म्हटलं ना."

ती गेल्यावर गीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय सांगणार ते नाही सांगितलंत."

समितीच्या खोलीत तिघं होते. त्रिपाठी सर, गप्प राहण्यात वाकबगार असलेले संचालक, आणि बाहेरच्या विद्यापीठातून बोलावलेल्या एक मॅडम. त्रिपाठी सर आज प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'समझ रहे हैं न' बांधत होते. बंगळुरूचं पत्र त्यांनाही भाजलं होतं, कारण तक्त्यावर त्यांचंही नाव होतं, आणि खोटं एकट्या इरावतीचं ठरलं तर ते सुटत होते.

"पंडितजी, कलियों की गिनती आपने की थी. सही?"

"जी."

कडेला बसलेल्या इरावतीच्या बाजूने एक श्वास सुटल्याचं विश्वेश्वरांना ऐकू आलं. आता थांबावं, असं वाटलं. इतकंच तर तिने मागितलं होतं. पण इतकंच सांगितलं तर मोजणी खरी ठरते, आणि मोजणी खरी ठरली तर वहीतले खोटे सहा लिहिणारीच्या, म्हणजे तिच्याच, माथी बसतात.

"लेकिन देख के नहीं की, सर. ढाई साल से मुझे बीच का दिखता नहीं. किनारा दिखता है, अंदर धुआँ है. मैं बोलता गया. बिटिया लिखती गई. उसका कोई दोष नहीं."

खोलीत पंख्याचा आवाज होता, कर्र, कर्र. मग त्रिपाठी सर हसले. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

"बिटिया. हूँ. महाराष्ट्र समाज का आपसी प्रेम हम जानते हैं, पंडितजी. गणेशोत्सव में हम भी मोदक खाते हैं. लेकिन झूठी गवाही, समझ रहे हैं न?"

"झूठ नहीं है, सर."

"कोई डॉक्टरी काग़ज़?"

"नहीं."

"ढाई साल अंधे रहे और डॉक्टर को नहीं दिखाया. रोज़ ऑटो पकड़ के आए, सुई से कली छीली, और किसी को पता नहीं चला."

कळी सोलायला बोटं लागतात, डोळा कमी लागतो, आणि कड तर दिसतेच, हे विश्वेश्वरांना सांगायचं होतं. पण मॅडमनी हात वर केला. त्यांचा आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. "परख लेते हैं. एक कली लगाइए."

शेजारच्या प्रयोगशाळेत रोपांच्या जवळच्या ट्रेमधली एक कळी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. विश्वेश्वर वाकले. कडेला चार निदलांचे बुंधे. आत धूर.

"क्या दिखता है?"

"चार," ते म्हणाले.

आणि तिथेच घात झाला. पहिला चार खालच्या सुरात बाहेर पडला होता. त्याच्यामागे दुसरा अर्धा चढून उभाच होता. एक पद म्हटलं की पुढचं येतं, त्याला बोलवावं लागत नाही, बावन्न वर्षं हाडांत मुरलेलं होतं ते. त्यांनी दात आवळले, पण 'चाऽर, सहाऽ' दातांतून निसटून गेले, आणि मागोमाग 'दोन', कडी घातल्यासारखा.

मॅडमनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"अंदर चार, छह, दो. बिल्कुल सही."

ती कळी साध्या झाडाची होती. साध्या झाडात तेच असतं. "मैडम, ये तो मामूली पौधा होगा," विश्वेश्वर म्हणाले, आणि आपला आवाज चिरकलेला त्यांनाच ऐकू आला. "इरावती के पौधे की लगाइए. उसकी लगाइए."

तिच्या झाडाची लावली. या वेळी त्यांनी ओठ मिटून घेतले, मिटलेले ओठ बोटांनी दाबून धरले, आणि मान हलवली. दिसत नाही.

मॅडमनी बघितलं. "अंदर आठ हैं."

"वाह," त्रिपाठी सर म्हणाले. "पहली में सब दिखा, दूसरी में कुछ नहीं. आँख है कि बिजली विभाग?"

संचालकसुद्धा हसले.

बाहेरच्या व्हरांड्यात इरावती भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"काका, खरं आहे हे?"

"हो."

"अडीच वर्षं?"

"हो."

"मी रोज तुमच्यासमोर बसत होती. डबा वाटून खाल्ला आपण. काहून?"

विश्वेश्वरांना पुष्कळ सांगता आलं असतं, सभेचं, खडावांचं. ते म्हणाले, "थांबता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी गीताबाई त्यांना नेत्रालयात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आत प्रकाश टाकला आणि सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्ही डोळ्यांचा, कडा शाबूत आहेत, गेलेलं परत येणार नाही. "इतने दिन कहाँ थे?" असंही विचारलं. कागद मिळाला. तो कागद विश्वेश्वरांनी त्रिपाठी सरांच्या टेबलावर ठेवला.

"इस पर परसों की तारीख है," सर म्हणाले. "परसों आपकी आँख ख़राब है, मान लिया. ढाई साल पहले की कहाँ लिखी है?"

लिहिलेली नव्हतीच. त्या रविवारी विश्वेश्वरांनी इरावतीला निरोप धाडला की वहीची छायाप्रत घेऊन घरी ये. ती आली, पण या वेळी पाणी घेतलं नाही.

"पहिल्या पानापासून ताडून बघ," ते म्हणाले. "छापलेल्या हजारांच्या आधीची, सरावाची खेपही आहे ना त्यात? मी म्हणतो, तू बघत जा."

"सगळं? पाठ आहे तुम्हाला?"

गीताबाई मटार सोलत होत्या. "त्यांना त्यांच्या आजोबांच्या तेराव्याचा मेनू पाठ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणू दे."

विश्वेश्वर मांडी घालून बसले आणि सुरू झाले. कळी पहिली. चार, चार, सहा, दोन. कळी दुसरी. इरावती बोट फिरवत होती. सतरावी आली तेव्हा सूर वाकडा गेला, "चार, चार, पाच, दोन." इरावतीने बोटाखाली बघितलं. पाच. अठ्ठावन्नावी पाच. एकशे तिसरी सात. एकशे सहासष्टावी पाच. दोनशे अकरावी आठ, आणि तिथे विश्वेश्वर स्वतःच म्हणाले, "ही तुझ्या झाडाची होती. मी म्हटलं होतं, हे बघ काय गंमत आहे." मटार सोलण्याचा आवाज बंद झाला होता. दोनशे बारा, सहा. दोनशे तेरा, सहा. सहा. सहा. सहा. पाऊण तास तोच सूर ऐकल्यावर इरावतीने प्रत मिटली.

"दोनशे अकरा," ती म्हणाली. "त्याच्यापुढे एकही वेगळा नाही. तारीख बघता का," आणि मग जीभ चावून तिनेच वाचली.

"देवदिवाळी," गीताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच्या आदला दिवस आहे तो."

हेच ते. कोणत्या दिवशी डोळा गेला ते वहीतच लिहिलेलं होतं, इरावतीच्या अक्षरात. तिने रात्रभर नाही, दोन दिवस खपून व्यवस्थित अर्ज केला, तक्ता काढला, दोनशे अकराच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं मांडलं. तिचा सिद्धांत गेला होता, ते तिने स्वतःच पहिल्या ओळीत लिहिलं. सी पेंगला की आकडाही बिघडतो, दोनशे अकरावीत आठ आहेत, मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं. मला पुन्हा मोजू द्या, स्वतःच्या डोळ्यांनी. एवढंच मागितलं.

उत्तर त्रिपाठी सरांनी तोंडी दिलं. "इससे बस इतना पता चलता है कि लड़की ने किस तारीख़ से बनाना शुरू किया. समझ रहे हैं न?"

जूनमध्ये नोंदणी रद्द झाली. तिचे ट्रे भट्टीत गेले. सी पेंगलेल्या त्या झाडांवर तशाही शेंगा थोड्याच धरल्या होत्या. दोन बोटांच्या चिमटीत मावतील एवढे दाणे, तेही कोणी ठेवले नाहीत. इरावती अकोल्याला परत गेली. कोणत्या गाडीने, हे विश्वेश्वरांना पोरांकडून कळलं, गाडी गेल्यावर.

समितीच्या अहवालात एक ओळ विश्वेश्वरांबद्दल होती. तंत्रसहायकाची मोजणी प्रत्यक्ष चाचणीत अचूक आढळली. त्यांनी डोळ्याचा कागद जोडून राजीनामा दिला तर त्रिपाठी सरांनी तो खणात टाकला. डोळा गेला हे मान्य केलं की सगळं पुन्हा उकरावं लागणार होतं. "आप कहाँ जाएँगे, पंडितजी? आप तो यहाँ की शान हैं."

जाता आलं असतं तसं. कामावर नाही गेलं म्हणून कोणी पोलीस पाठवत नाही. गीताबाई म्हणाल्याही, "बास झालं. घरी बसा." पण जुलैत नवी मुलगी आली होती, अंतरा नावाची, आणि तिलाही पंडितजींसमोर वही घेऊन बसवणार असं कानावर आलं होतं. विश्वेश्वर त्या दिवशी बंडी घालून वेळेवर निघाले.

अंतरा लखनौची. बोलणं टपटप, शिवणयंत्रासारखं. "प्रणाम पंडितजी, आपके बारे में बहुत सुना है, सब कहते हैं आपकी गिनती में ग़लती हो ही नहीं सकती, मैं तारीख़ डाल दूँ? डाल दी. कली नंबर एक. बोलिए."

विश्वेश्वर वाकले. कड दिसली. चार. आत धूर होता, पूर्वीपेक्षा जरा रुंद.

जीभ टाळूला लागली. त्यांनी ती दातांखाली धरली, दुखेपर्यंत. छातीत सगळा सूर भरून आला होता, चढायला तयार. त्यांनी तो धरून ठेवला.

"पंडितजी?"

ते गप्प राहिले. खोली गप्प झाली. सत्तावीस वर्षांत या टेबलावरून इतका वेळ काही ऐकू आलं नाही असं झालं नव्हतं, त्यामुळे पोरांनीही माना वर केल्या. विश्वेश्वरांचे कान त्या गप्पपणात कशाची तरी वाट बघत होते. खट, खट, खट. ते आलं नाही.

मागच्या टेबलावरून एकाने, बहुधा पंडितजी विसरले असं समजून, मदत केली. "चाऽर..." दुसऱ्याने उचललं, "चाऽर..." आणि मग तिघाचौघांनी मिळून, आज पहिल्यांदा अगदी बिनचूक, बेंबीपासून, "सहाऽ, दोन!" हशा पिकला. सूर इतका हुबेहूब होता की ऐकणाऱ्याला फरक कळला नसता.

अंतराचं पेन कागदावर खरखरलं.

विश्वेश्वरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. वहीची कड लागली. कडेकडेने चाचपत त्यांनी तळवा आत नेला, ओल्या शाईवर दाबून ठेवला.

"काटो इसे."

"जी? पर आपने ही तो..."

"मैंने नहीं बोला," विश्वेश्वर म्हणाले. "मैंने कुछ नहीं बोला. काटो."

मागे अजून कोणी तरी हसत होतं. त्यांनी हात उचलला नाही.